टॉवर, चिलर की ब्राइन?

"ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो. आमच्या टॉवरचं पाणी ३२ अंशांचं. म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये पातळ होणारच. मग हा चिलरवाला दहा टनांचं मशीन आमच्या गळ्यात का मारतोय?"

सॉल्व्हंट रिकव्हरीचा छोटा प्लँट टाकणाऱ्या उद्योजकाचा हा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. शेजारच्या प्लॉटवर मात्र नेमकं उलटं ऐकू येतं: "सगळीकडे ब्राइनच लावून टाका, कटकट नको." पहिल्याचं सॉल्व्हंट व्हेंटमधून उडून जातं, दुसऱ्याचे पैसे वीजबिलातून. दोघांनी एकच चूक केलेली असते. प्लँटमध्ये गारवा लागणाऱ्या जागा तीन आहेत आणि प्रत्येकीची भूक वेगळी आहे, हे न पाहता दोघांनीही सगळ्यांना एकच ताट वाढलं.

१. गारवा लागतो कुठे?

तारापूर, लोटे-परशुराम, महाड किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारा कुठलाही कारखाना घ्या. तिथे सॉल्व्हंट हा नुसता वाहक असतो. पदार्थ त्यात विरघळतो, त्यात क्रिया होते, शेवटी पदार्थ गाळून काढला की मागे मळकं सॉल्व्हंट उरतं. ते फेकायचं म्हटलं तर घातक कचरा म्हणून विल्हेवाटीचा खर्च येतो, आणि नवा ड्रम विकत घ्यावा लागतो तो वेगळाच. म्हणून ते केटलमध्ये भरतात, जॅकेटला स्टीम देतात, उकळून वर आलेली वाफ कंडेन्सरमध्ये पातळ करतात आणि खालच्या टाकीत, म्हणजे रिसीव्हरमध्ये, गोळा करतात.

रिसीव्हर हे बहुधा साधं, दाब न सोसणारं भांडं असतं. त्यात सॉल्व्हंट येऊ लागलं की आतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. ती वाट म्हणजे व्हेंट. तर पहिली जागा मुख्य कंडेन्सर, दुसरी रिसीव्हर टाकी, तिसरी व्हेंटचा पाइप. पहिल्या जागी उष्णता प्रचंड असते, पण ती बऱ्यापैकी गरम पाण्यानेही निघते. तिसऱ्या जागी उष्णता किरकोळ, पण गारवा जबरदस्त हवा. या दोन वाक्यांत निवडीचं निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी आकडे लागतील.

२. उष्णता किती काढायची?

उकळत्या द्रवाची वाफ करताना जी उष्णता द्यावी लागते ती तापमापकावर दिसत नाही. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणत होतो. वाफ पुन्हा पातळ करायची तर तेवढीच उष्णता परत काढून घ्यावी लागते. ॲसिटोनसाठी ती किलोला साधारण १२० किलोकॅलरी, टोल्युइनसाठी ८५ ते ९०. मिथेनॉल इथे भलतंच खादाड आहे, त्याला किलोला सुमारे २६० लागतात. ॲसिटोनवर नीट चाललेल्या कंडेन्सरवर कुणी मिथेनॉल घेतलं की तो अपुरा पडतो, त्याचं कारण हेच.

आता हिशेब. ताशी २०० किलो ॲसिटोन गोळा करायचंय.

वाफ पातळ करायला: २०० × १२० = २४,००० किलोकॅलरी.
पातळ झालेलं ॲसिटोन ५६ वरून ३५ अंशांवर आणायला आणखी सुमारे २,०००.
एकूण ताशी २६,००० किलोकॅलरी.

शीतकरणाच्या धंद्यात हा आकडा टनांत सांगतात. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक 'टीआर', म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. २६,००० ला ३,०२४ ने भागलं की साडेआठच्या आसपास येतात. चिलरवाल्याने सांगितलेले दहा टन इथून आले. त्याची बेरीज बरोबर आहे. पण हे साडेआठ टन काढायला चिलरच हवा, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं.

हीच उष्णता टॉवरच्या पाण्याने काढायची आणि पाणी कंडेन्सरमधून जाताना ५ अंशांनी तापू द्यायचं असं ठरवलं, तर ताशी ५,२०० लिटर पाणी फिरवावं लागेल. एक लहानसा पंप आणि टॉवरचा पंखा, दोन्ही मिळून दोन किलोवॉटच्या आत काम. लहान चिलर टनामागे साधारण एक ते सव्वा किलोवॉट खातो, म्हणजे त्याच कामाला दहाच्या आसपास, आणि पंप-पंख्यांची वीज त्याच्यावर आणखी.

३. टॉवरचं पाणी किती गार होईल?

विदर्भातल्या उन्हाळ्यात माठातलं पाणी घशाला झोंबेल इतकं गार असतं. तोच माठ मे महिन्यात चिपळूणला ठेवला तर पाणी जेमतेम कोमट सुटतं. माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी उडून जातं म्हणून, आणि हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कसं? कूलिंग टॉवर हा पंखा लावलेला मोठा माठच आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की तो जिथे स्थिरावतो ते 'वेट बल्ब' तापमान. टॉवर कितीही भारी असला तरी पाणी त्याच्याखाली नेऊ शकत नाही. व्यवहारात तो त्याच्या तीन ते पाच अंश वर थांबतो.

कोकणपट्टीत पावसाळ्याच्या तोंडाशी वेट बल्ब २७-२८ अंशांच्या घरात असतो, म्हणजे टॉवरचं पाणी ३१ ते ३३. कुरकुंभला मे महिन्यात हवा चाळिशीला टेकलेली असते, पण कोरडी, त्यामुळे वेट बल्ब बराच खाली. गंमत अशी की घाम कुरकुंभच्या माणसाला कमी आणि गार पाणीही त्यालाच जास्त. म्हणून टॉवरच्या कोटेशनमध्ये 'पाणी ३२ अंश मिळेल' एवढंच लिहिलेलं असेल तर विचारावं: कुठल्या वेट बल्बला? पुरवठादाराने हिशेब कोरड्या गावाचा धरला आणि टॉवर लोट्याला बसवला, तर जुलैत भांडण होणार.

पठारावर दुसरी अडचण असते. बोअरचं पाणी जड. टॉवरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. एक किलो पाणी उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं, म्हणजे आपल्या उदाहरणात ताशी ४५ लिटर पाणी उडणार. त्याने सोडलेला चुना कंडेन्सरच्या नळ्यांना आतून चिकटतो आणि पहिल्या वर्षी उत्तम चाललेला कंडेन्सर तिसऱ्या वर्षी 'कमी पडायला' लागतो. अशा वेळी चिलर घेण्याआधी नळ्या उघडून बघाव्यात. पाणी ठरावीक प्रमाणात काढून टाकणं आणि ते मऊ करून घेणं, हे टॉवरच्या किमतीतच धरायचं.

हवेने थंड होणारा, पंख्याचा कंडेन्सर हा तिसरा पर्याय. पाणी अजिबात लागत नाही. पण तो कोरड्या हवेच्या तापमानावर चालतो. ११० अंशांना उकळणाऱ्या टोल्युइनला तो शोभतो, ५६ च्या ॲसिटोनला मे महिन्याच्या दुपारी नाही.

४. गारवा किती हवा ते सॉल्व्हंट ठरवतं

टॉवरचं ३२ अंशांचं पाणी ॲसिटोनच्या वाफेला पुरतं. टोल्युइनला तर हसत पुरतं. पण मिथिलीन क्लोराइड, ज्याला कारखान्यात सगळे एमडीसी म्हणतात, ते ४० अंशांच्या जरा खालीच उकळतं. पाणी ३२ ला आत गेलं आणि ३७ ला बाहेर आलं तर शेवटी फरक उरतो तीन अंशांचा. एवढ्याशा फरकावर उष्णता ढकलायला कंडेन्सरचा आकार कित्येक पट मोठा घ्यावा लागेल. एमडीसीला मुख्य कंडेन्सरवरच चिल्ड वॉटर द्यावं लागतं, तिथे काटकसर करायला वाव नाही. व्हॅक्यूमखाली डिस्टिलेशन करणाऱ्यांनीही हा फरक आधी मोजावा. १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला टोल्युइन ५२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे त्याची वाफ जवळपास ॲसिटोनइतकीच हट्टी होते.

आता सुरुवातीच्या उद्योजकाच्या प्रश्नातली खोच. उत्कलनबिंदूखाली गेलं की वाफ संपली, असं त्याने धरलं. तसं होत नाही. प्रत्येक द्रव, तो उकळत नसतानाही, आपल्या डोक्यावर थोडी वाफ बाळगून असतो. तिच्या दाबाला बाष्पदाब म्हणतात. वाळत घातलेले कपडे १०० अंशांची वाट बघत नाहीत, ते याचमुळे. ३५ अंशांच्या ॲसिटोनचा बाष्पदाब सुमारे ३५० मिलिमीटर असतो. वातावरणाचा दाब ७६० धरला तर टाकीतल्या मोकळ्या जागेचा जवळजवळ निम्मा भाग ॲसिटोनच्या वाफेने भरलेला असतो. व्हेंटमधून जो वायू बाहेर पडेल तो ही वाफ घेऊनच जाईल. तापमान उतरलं की दाब भराभर पडतो. ५ अंशांना तो ९० च्या आसपास येतो, उणे १० ला ४० च्या.

समजा टाकीवर नायट्रोजन सोडलेला आहे आणि तो व्हेंटमधून वाहतोय. प्रत्येक घनमीटर नायट्रोजनमागे ॲसिटोन किती जाईल?

३५ अंशांना: साधारण २ किलो.
५ अंशांना: साधारण ३०० ग्रॅम.
उणे १० ला: साधारण १२० ग्रॅम.

नायट्रोजनचा व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धा उघडा ठेवला आणि ताशी पाच घनमीटर वाहू लागला, तर ३५ अंशांच्या टाकीतून ताशी दहा किलो ॲसिटोन हवेत. म्हणजे उत्पादनाचे पाच टक्के. ड्रम मोजताना 'कुठे गेलं' म्हणून सगळे डोकं खाजवतात ते हेच. व्हेंटवर ५ अंशांचा छोटा कंडेन्सर बसवला की ते दीड किलोवर येतं. त्यासाठी लागणारं शीतकरण मोजलं तर अर्ध्या टनाच्याही आत भरतं. एक टनाचा चिलर घेतला तरी निम्मा रिकामा.

साडेआठ टन टॉवरवर, अर्धा टन चिलरवर. ॲसिटोनच्या प्लँटला माझ्या मते हीच वाटणी योग्य, आणि दहा टनांचा चिलर ही उधळपट्टी. व्हेंट कंडेन्सर ५ वरून उणे १० ला नेला तर तासाला आणखी जवळपास एक किलो वाचतो. तो किलो ब्राइनच्या खर्चाला परवडतो का हे सॉल्व्हंटच्या भावावर ठरेल. त्याआधी नायट्रोजनचा व्हॉल्व्ह आवळावा. पाचाचे अर्धा घनमीटर केले की कुठलंही मशीन न घेता दहा किलोचा एक किलो होतो.

५. चिलर आणि ब्राइन

चिलर म्हणजे तत्त्वतः घरातला फ्रिजच. नुसतं पाणी फिरवायचं असेल तर साधारण ५ ते ७ अंशांपर्यंत जाता येतं, त्याखाली नळीत बर्फ धरायची भीती. शून्याखाली जायचं तर पाण्यात काहीतरी मिसळावं लागतं, आणि अशा गोठू न देणाऱ्या द्रवाला प्लँटमध्ये सरसकट ब्राइन म्हणतात. कॅल्शियम क्लोराइडचं ब्राइन स्वस्त, पण त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलला कुरतडतो. ग्लायकॉल महाग आणि गारठल्यावर दाट, त्यामुळे पंपाला जड. ३० टक्के इथिलीन ग्लायकॉलचं पाणी उणे १५ च्या आसपास गोठायला लागतं, म्हणून ते उणे पाचापर्यंत निर्धास्त वापरावं, उणे १० ला चालवायचं तर प्रमाण वाढवावं. जितकं खाली जाल तितकी प्रत्येक टनाला वीज जास्त. एक अंश उतरण्याला दोन-तीन टक्के, हा कामचलाऊ अंदाज. म्हणून 'असू दे, थोडं जास्तच गार' ही सवय फुकट पडत नाही.

६. जास्त गार करून बिघडतं ते

काही सॉल्व्हंट गोठतात, आणि तेही आपल्याला वाटतं त्याहून लवकर. सायक्लोहेक्झेन साडेसहा अंशांना गोठतं, डीएमएसओ साडेअठराला. त्यांच्या कंडेन्सरला ब्राइन दिलं की नळ्या आतून बुजतात आणि केटलचा दाब चढू लागतो. सॉल्व्हंट न गोठणारं असलं तरी त्यात पाणी असेल, आणि मळक्या सॉल्व्हंटमध्ये ते बहुतेक असतंच, तर उणे १० च्या व्हेंट कंडेन्सरमध्ये बर्फाचा थर धरतो. व्हेंट बुजणं ही किरकोळ गोष्ट नाही. श्वास कोंडलेली टाकी पंपाने उपसताना आत चेपते.

दुसरा धोका दिसत नाही, आणि अनुभवी माणसंही त्याला फसतात. 'थंड टाकी म्हणजे सुरक्षित टाकी' असं वाटतं. ॲसिटोनची वाफ हवेत अडीच ते तेरा टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ती पेटते. ३० अंशांच्या बंद टाकीत ती ३५ टक्क्यांच्याही वर असते. मिश्रण इतकं गडद की आत ठिणगी पडली तरी पेटायला हवाच पुरत नाही. ही टाकी ५ अंशांवर आणली की वाफ बारा टक्क्यांवर येते, पेटण्याच्या हद्दीच्या उंबरठ्यावर. उणे १० ला ती पाच टक्के, हद्दीच्या ऐन मध्यात. गारव्याने सॉल्व्हंट वाचलं, आणि टाकीतली हवा मात्र ज्वालाग्राही झाली. म्हणून गारठवलेल्या टाकीत हवा राहता कामा नये. नायट्रोजन हवाच, पण वाहता नको, नुसता भरलेला, आणि व्हेंटवर दाब सांभाळणारा श्वसन-व्हॉल्व्ह. टाकीला अर्थिंग, पाइप तळापर्यंत नेलेला, मोटरी फ्लेमप्रूफ, हे तर चिलर असो-नसो लागणारच.

७. टाकी स्वतः

रिसीव्हरला स्वतःचं शीतकरण हवं का? कंडेन्सरमधून ॲसिटोन ३५ अंशांना उतरत असेल, तर टाकीला बाहेरून अर्धगोल पाइपचं वेटोळं, म्हणजे लिम्पेट कॉइल, किंवा आत बुडवलेलं कॉइल लावून ते आणखी खाली नेता येतं. बाहेरचं बरं. आतलं कॉइल उष्णता लवकर काढतं, पण गळलं की पाणी थेट मालात. तसं पाहता कंडेन्सरची नळी गळली तरी पाणीच मालात येतं, कारण पाण्याच्या बाजूला दोन-तीन किलोचा दाब असतो आणि सॉल्व्हंटच्या बाजूला काहीच नाही. रिसीव्हरमधल्या नमुन्याचा केएफ, म्हणजे ओलाव्याची चाचणी, बॅचमागे चढत गेला तर पहिला संशय नळीवर घ्यावा.

उघड्यावरच्या टाकीला मात्र कॉइलच्या आधी सावली द्यावी. वर पत्र्याचं छप्पर, अंगाला पांढरा रंग, बाहेरून इन्सुलेशन. उन्हाने टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि या रोजच्या श्वासोच्छ्वासात वाफ जात राहते. ते थांबवायला चिलर लावणं म्हणजे उन्हाशी वीजबिलाने भांडणं.

८. वीज गेली तर?

टॉवरचा पंप थांबला, चिलर थांबला, पण बॉयलरमधली स्टीम लगेच थांबत नाही आणि केटलही तापलेलीच असते. कंडेन्सरमध्ये पाणी फिरत नाही, वाफ येतच राहते, आणि ती सगळी व्हेंटकडे धावते. दोन मिनिटांत शेडभर ॲसिटोन. म्हणून स्टीमच्या लाइनवर असा व्हॉल्व्ह हवा जो वीज किंवा इन्स्ट्रुमेंट एअर गेली की स्प्रिंगने आपोआप बंद होतो, आणि त्याला कंडेन्सरच्या पाण्याचा प्रवाह मोजणारा स्विचही जोडलेला हवा, म्हणजे वीज असताना नुसता पंप बंद पडला तरी स्टीम तुटेल. केटलच्या जॅकेटमध्ये अडकलेली स्टीम आणि अंगातली ऊब तरीही आणखी काही मिनिटं वाफ काढत राहते. तेवढ्यापुरतं पाणी उंचावरच्या टाकीतून, पंपाविना, कंडेन्सरला मिळेल अशी सोय करावी. आपल्या उदाहरणात ताशी ५,२०० लिटर लागतात, म्हणजे दहा मिनिटांना नऊशे लिटरांच्या आत. गच्चीवर हजार लिटरची टाकी, आणि वीज गेल्यावर आपोआप उघडणारा एक व्हॉल्व्ह. तो चालतो का हे दर महिन्याला मुद्दाम वीज तोडून, केटल रिकामी असताना, बघून घ्यावं.